गुडघ्याचा एमआरआय, तीन भाव: आरोग्यसेवा बाजारावर सोडावी का?

पायपीट
मंडळी, दर नोव्हेंबरात येणारा ताप पुन्हा आलाय. इथे अमेरिकेत कंपनीची ओपन एनरोलमेंटची (पुढच्या वर्षीचा आरोग्य विमा निवडायची) मेल येऊन पडली आहे आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत २०२६ चा प्लॅन निवडायचाय. पण धागा काढायचं खरं कारण माझा गुडघा.

गेल्या महिन्यात धावताना तो मुरगळला. डॉक्टरने एमआरआय सांगितला आणि स्वतः ज्या हॉस्पिटलशी जोडलेला आहे तिथलीच चिठ्ठी हातात ठेवली. माझा प्लॅन हाय डिडक्टिबल (एका मोठ्या रकमेपर्यंत आधी स्वतः भरायचं, मग विमा), वर्षभरात दमडीचा खर्च झालेला नाही, म्हणजे सगळे पैसे माझ्याच खिशातून जाणार. म्हणून फोन फिरवले. पहिलं हॉस्पिटल: विम्याच्या ठरलेल्या दराने २,१४० डॉलर. दुसरं हॉस्पिटल: "आधी करून घ्या, मग बिल येईल." आणि रस्त्यापलीकडचं इमेजिंग सेंटर: रोख भरलेत तर ४७५. गुडघा तोच, फोटोही तोच.

अर्थातच ४७५ भरून मोकळा झालो. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. सगळेच असे फोन फिरवायला लागले तर त्या २,१४० वाल्याला खाली यावंच लागेल ना? कंपनी आणि सरकार दोघांनाही मधून काढा, प्रत्येकाच्या नावावर एचएसए (करमुक्त आरोग्य बचत खातं) उघडा, मोठ्या आजारपणापुरता विमा ठेवा आणि किमती दारावर लावा. बाकीचं बाजार बघून घेईल, असं माझं मत बनत चाललंय. कुठे चुकतोय?

आणि जाता जाता, पीपीओ (हप्ता जास्त, डिडक्टिबल कमी असा नेहमीचा प्लॅन) घेऊ की एचएसएवालाच चालू ठेवू?

रिकामटेकडा
जागा पकडली. हा धागा शंभरी गाठणार.

खडूस काका
अहो पायपीट, तुमच्या दुखण्याचं मूळ गुडघ्यात नाही, १९४२ सालात आहे.

युद्धकाळात सरकारने पगार गोठवले. कामगार मिळेनात आणि पगार वाढवता येईना, तेव्हा कंपन्यांनी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली, कारण तो पगारात धरला जात नव्हता. मग १९५४ च्या करकायद्याने त्या विम्याच्या पैशावर कर नाही हे पक्कं केलं. तेव्हापासून कंपनीने डॉलर पगार म्हणून दिला तर त्यावर कर आणि विम्यात घातला तर करमुक्त. कोण कशाला पगार मागेल? परिणाम असा की खोकल्याच्या औषधापासून सगळं विम्यातून. गाडीच्या विम्यातून कोणी तेल बदलून घेतं का?

२०२४ साली कंपनीमार्फत मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले सहा हजारांच्या आसपास तुमच्या पगारपत्रकावर दिसतात, उरलेले "कंपनी भरते". कंपनी कुठली भरते हो, तो तुमचाच न मिळालेला पगार आहे! ज्याचे पैसे त्याला दिसतच नाहीत, तो घासाघीस कशाला करेल?

शेवंता
काका फॉर्मात. तेलाचं उदाहरण आवडलं, पण गाडी फारच बिघडली तर मी नवी घेते. गुडघ्यांचं काय करू?

कोडवाली
बारा वर्षं मेडिकल बिलिंगमध्ये काढली आहेत, म्हणून थोडं आतलं सांगते.

पायपीट, तुम्ही समजताय की हॉस्पिटलकडे किंमत आहे आणि ते लपवताहेत. खरं सांगायचं तर फोनवरच्या त्या बाईला ती माहीतच नसते. चार्जमास्टर नावाची एक यादी असते, तिच्यातला आकडा जवळजवळ कोणीच भरत नाही. प्रत्येक विमा कंपनीशी करार वेगळा, आणि त्याच कंपनीच्या दोन प्लॅनना दर वेगळे. तुमच्या एमआरआयचा बिलातला कोड ७३७२१. या एका कोडला एकाच हॉस्पिटलात मी डझनभर दर पाहिले आहेत. शिवाय हॉस्पिटलच्या छताखाली केलं की जागेचे पैसे वेगळे आणि फोटो वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचं बिल वेगळं. इमेजिंग सेंटरवाला बहुतेक वेळा सगळं एकत्र सांगतो.

१ जानेवारी २०२१ पासून हॉस्पिटलांना दर जाहीर करणं बंधनकारक आहे, आणि आधी ठरवून करता येतील अशा ३०० सेवांचे दर तरी सामान्य माणसाला कळतील असे दाखवायचे आहेत. मी हौसेने एक फाइल उघडली होती. लॅपटॉपने मान टाकली.

आणि एक वाईट बातमी. रोख भरलेले ते ४७५ बहुधा तुमच्या डिडक्टिबलमध्ये धरले जाणार नाहीत. विमा कंपनीकडे क्लेमच गेलेला नाही ना. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर मीटर शून्यापासून.

पायपीट
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं!!

रिकामटेकडा
बाजाराने सांगायला हवं होतं. ;)

दुसरी बाजू
मूळ मुद्द्यावर येतो. पायपीट यांच्या गोष्टीत सगळं जमून आलं कारण त्यांना लंगडत का होईना फोन करायला तीन दिवस होते, हवी ती वस्तू एका कोडात मावत होती आणि ती चुकली असती तरी जीव जाणार नव्हता. छातीत कळ आल्यावर कोण दर विचारतो? २०२२ पासून नो सरप्राइझेस कायद्याने इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचं (विमा कंपनीशी करार नसलेल्यांचं) भलंमोठं बिल लावायला बंदी आली, पण रस्त्यावरची अँब्युलन्स त्यातून सुटलीच. म्हणजे बेशुद्ध माणसाने आधी विचारायचं, "दादा, तुम्ही इन-नेटवर्क का?"

आणि पैसा जातो कुठे ते बघा. या देशातला जवळपास निम्मा आरोग्यखर्च वर्षभरात जेमतेम पाच टक्के लोकांवर होतो. कॅन्सर, डायलिसिस, अवेळी जन्मलेली बाळं, आयसीयू. यांचं डिडक्टिबल पहिल्या एकदोन बिलांत संपतं, त्यानंतर भाव करायला त्यांना कारणच उरत नाही. निरोगी लोकांना कितीही घासाघीस करायला लावा, तो उरलेल्या निम्म्याचा खेळ आहे.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच लिहून ठेवलंय की इथे विकणाऱ्याला सगळं माहीत आणि घेणाऱ्याला काहीच नाही, आजारपण कधी येईल हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून हा बाजार बाकीच्या बाजारांसारखा चालत नाही.

खडूस काका
छातीतली कळ येणार हे माहीतच होतं. या विषयावर तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादात ती येतेच. :)

इमर्जन्सी हा एकूण खर्चातला लहान तुकडा आहे. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे, बाळंतपण, कोलोनोस्कोपी हे सगळं तारीख ठरवून होतं. ओक्लाहोमा सिटीतलं सर्जरी सेंटर ऑफ ओक्लाहोमा २००९ पासून ऑपरेशनच्या किमती वेबसाइटवर टाकतंय. सर्जन, भूल आणि जागा सगळं धरून एकच आकडा. लोक दुसऱ्या राज्यांतून तिथे जातात. लेसिक (चष्मा घालवायचं ऑपरेशन) बघा, विमा त्याला हात लावत नाही आणि किंमत रेडिओवर ऐकवतात. म्हणजे जमतं.

आणि ज्याला तुम्ही बाजार म्हणून नावं ठेवताय तो बाजार आहे कुठे? न्यूयॉर्कने १९६४ मध्ये सर्टिफिकेट ऑफ नीडचा कायदा केला, १९७४ मध्ये वॉशिंग्टनने तो सगळ्या राज्यांच्या गळ्यात मारला. १९८७ मध्ये केंद्राने अंग काढून घेतलं, तरी तीसहून अधिक राज्यांत तो या ना त्या रूपात आहे. म्हणजे नवं सर्जरी सेंटर काढायचं तर "गरज आहे" हे सरकारी मंडळापुढे सिद्ध करा आणि शेजारचं हॉस्पिटल येऊन हरकत घेणार. नॉर्थ कॅरोलिनात एमआरआय मशीनलासुद्धा ही परवानगी लागत आली आहे. पायपीट, तुमचं ४७५ वालं सेंटर उघडायलाच दिलं नसतं तर फोन कोणाला लावला असता? वर २०१० च्या ओबामाकेअर कायद्याने डॉक्टरांच्या मालकीची नवी हॉस्पिटलं मेडिकेअरमधून (म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यातून) जवळजवळ बादच करून टाकली.

दुसरी बाजू
सर्टिफिकेटच्या मुद्द्यावर काकांशी शंभर टक्के सहमत. हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.

मनीमाऊ
जरा विषयांतर करते. आमच्या बोक्याने शिवणाचा दोरा गिळला. जनावरांच्या इमर्जन्सीत रात्री अकरा वाजता गेलो. तिथे कागदावर दोन आकडे लिहून दिले, कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके, सही करा मगच आत नेतो. वरचा आकडा बघून मला रडू आलं. पण आकडा दिला! बिलही त्या दोघांच्या मध्येच आलं. त्याच वर्षी मी स्वतः पोटात दुखतं म्हणून इमर्जन्सीत गेले होते, तिथे चार तासांत एकालाही अंदाज सांगता आला नाही आणि बिलं पुढचे पाच महिने येत राहिली.

म्हणजे माणसांपेक्षा मांजरांची व्यवस्था बरी, असं माझं मत.

शेवंता
बोका कसा आहे?

मनीमाऊ
लठ्ठ. दोरे लपवून ठेवते आता.

दुसरी बाजू
मनीमाऊ, हे विषयांतर नाही, हाच विषय आहे. तो आकडा बघून तुम्ही "नको" म्हणू शकत होतात आणि डॉक्टरांनाही ते मान्य होतं. शेजारच्या खोलीत कोणीतरी त्या रात्री तेच म्हणालंही असेल. भाव पडतो तो गिऱ्हाईक पाठ फिरवून जाऊ शकतं म्हणून. माणसाच्या बाबतीत १९८६ पासून कायदा आहे की इमर्जन्सीत आलेल्याला, पैसे असोत नसोत, तपासून स्थिर केल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. तो बाजारवादी अध्यक्ष रेगन यांच्याच सहीने आला. तो कायदा रद्द करा म्हणणारा कट्टर बाजारवाला मला अजून भेटलेला नाही.

हिशेबनीस
दोन्ही बाजू ठामपणे बोलताहेत, तर तपासून पाहिलेलं काय आहे ते मांडतो.

रँड या संशोधन संस्थेचा प्रयोग, १९७४ ते १९८२. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कुटुंबांना वेगवेगळ्या विम्यात घातलं. काहींना सगळं फुकट, काहींना एका मर्यादेपर्यंत ९५ टक्के स्वतःच्या खिशातून. खिशातून भरणाऱ्यांचा खर्च बराच कमी झाला, पंचवीस ते तीस टक्क्यांच्या घरात, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत फरक दिसला नाही. इथवर काका खूश. पण लोकांनी नको ते उपचार टाळले तसे हवे तेही टाळले, साधारण सारख्याच प्रमाणात. आणि गरीब घरांतल्या रक्तदाबाच्या रुग्णांना फुकट विम्यात फायदा दिसला.

दुसरा अभ्यास २०१७ मधला, पायपीट यांच्या प्रश्नाला थेट लागू. एका मोठ्या कंपनीने आपल्या हजारो कर्मचाऱ्यांना फुकट विम्यातून उचलून हाय डिडक्टिबल आणि एचएसएमध्ये टाकलं. सगळे बऱ्या पगाराचे, शिकलेले, हाताशी किमतींची तुलना करायचं साधन. खर्च १२ ते १४ टक्क्यांनी घसरला. पण स्वस्त डॉक्टर शोधल्याची काही खूण मिळाली नाही, पहिल्या वर्षी नाही आणि दुसऱ्याही नाही. लोकांनी फक्त जाणं कमी केलं. इतकंच काय, ज्या आजारी माणसांचं डिडक्टिबल वर्षाच्या शेवटी संपणारच होतं, ज्यांना म्हणजे खरी किंमत जवळपास शून्य होती, तेसुद्धा वर्षाच्या सुरुवातीला हात आखडून बसले.

तर पायपीट, तुम्ही तीन फोन केलेत हे कौतुकास्पद आहे, पण तुम्ही अपवाद आहात.

पायपीट
बायको म्हणते, अपवाद नाही, कंजूष.

खडूस काका
हिशेबनीस, दोन वर्षांत सवय बदलत नाही हो. सत्तर वर्षं किंमत न विचारायची सवय लावली आणि दोन वर्षांत दुकानं पालथी घाला म्हणता. शिवाय एकट्या कंपनीने बदल केला तर हॉस्पिटल कशाला दर उतरवेल? सगळं गिऱ्हाईक एकदम बदललं तर उतरवेल. तो प्रयोग अजून झालेलाच नाही.

निळाई
मी फक्त वाचत होते. पण हात आखडून बसण्याचं वाक्य वाचलं आणि लिहायला घेतलं.

माझ्या मुलीला २००८ मध्ये टाइप वन मधुमेह निघाला, सातव्या वर्षी. आमचं डिडक्टिबल मार्चपर्यंत संपतं. पंप, सेन्सर, इन्सुलिन, दर तीन महिन्यांनी डॉक्टर. खडूस काका, मी भाव करत नाही असं नाही. पट्ट्यांपासून सगळ्याचे भाव मला तोंडपाठ आहेत. पण डॉक्टरांनी जो पंप बसवला आणि जो मुलीला जमला, तो बदलून दुसऱ्या कंपनीचा घ्या असं विमा कंपनीने एकदा सांगितलं, तेव्हा त्या बदलात तिने तीन आठवडे जे काढले त्याला कोड नाही.

मला सांगायचं आहे ते वेगळंच. नवऱ्याला तेव्हाच स्वतःचा व्यवसाय काढायचा होता. नोकरी सोडली की कंपनीचा विमा गेला, आणि बाहेर आमच्या राज्यात आजार असलेल्या मुलीला कोणी विमा देईना. अर्जाच्या दुसऱ्या पानावर नकार. तो सहा वर्षं नको असलेल्या नोकरीत बसला. २०१४ मध्ये, आधीच्या आजारावरून कोणालाच नाकारायचं नाही हा नियम पूर्ण लागू झाला, त्या वसंतात त्याने राजीनामा दिला. आज त्याच्याकडे नऊ माणसं कामाला आहेत.

कोणाला हे बाजाराच्या विरोधात वाटेल. आम्हाला धंदा काढता आला तो या नियमामुळे, एवढंच मी सांगू शकते.

रिकामटेकडा
निळाईताई, 🙏. माझे वरचे पाचकळ प्रतिसाद मागे घेतो.

खडूस काका
निळाई, तुमचं वाचून थोडा वेळ थांबलो. वाद जिंकायला लिहीत नाही.

पण तुमची सहा वर्षं कोणी खाल्ली? विमा नोकरीला बांधलेला होता म्हणून ना ती गेली? मुलीच्या जन्मापासून तिच्या नावाचा, बापाच्या नोकरीशी संबंध नसलेला विमा असता, तर २००८ मध्ये तो आजाराआधीच हातात असता. अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉक्रेन यांनी १९९५ मध्ये एक कल्पना मांडली. माणूस आजारी पडला की त्याचा पुढचा हप्ता वाढणार, तर त्या वाढीचाच विमा आधी उतरवून ठेवायचा. आजार झाला की एकरकमी पैसे मिळतात आणि ते घेऊन कुठल्याही कंपनीकडे जाता येतं. मग आजारी माणूस नकोसं गिऱ्हाईक राहत नाही, त्याच्यासाठी कंपन्या धावतात.

आणि जन्मतःच आजार असलेल्यांना सरकारने सरळ पैसे द्यावेत, उघडपणे, सगळ्यांच्या करातून. आज काय करतात, तर साठीतल्याला पंचविशीतल्याच्या तिपटीपेक्षा जास्त हप्ता लावायचा नाही असा नियम घालून त्या पोराच्या खिशातून गुपचूप काढतात. मग पोरगं विमाच घेत नाही.

हिशेबनीस
"सरळ पैसे द्यावेत" हे करून झालंय, काका. २०१० पूर्वी ३५ राज्यांत हाय-रिस्क पूल (कोणी विमा देत नाही अशा आजाऱ्यांसाठी राज्याची विमा योजना) होते. कागदावर तुम्ही म्हणता तेच. पण पैसे कमी पडले. हप्ता बाजारापेक्षा बराच जास्त, कित्येक ठिकाणी जुन्या आजाराला सहा महिने ते वर्षभर थांबा, कॅलिफोर्नियात तर प्रतीक्षायादी. दरवर्षी बजेटात मूठभर आजारी लोकांसाठी एक वेगळी ओळ दिसते आणि कात्री तिथेच चालते. गुपचूप काढलेले पैसे कोणी कापत नाही, याचं कारणही तेच, ते दिसत नाहीत.

वाटाड्या
सिंगापूर कोणी काढलं नाही अजून? तिथे १९८४ पासून मेडिसेव्ह आहे, प्रत्येकाच्या नावावर सक्तीचं आरोग्य बचत खातं. एचएसएचा आजोबाच. खर्च अमेरिकेच्या मानाने किती तरी कमी, माणसं जगतात जास्त. बाजार चालतो तो असा.

दुसरी बाजू
वाटाड्या, वाट अर्धीच दाखवलीत. पगारातून मेडिसेव्ह कापणं सक्तीचं. त्यावर मोठ्या आजाराचा विमा, २०१५ पासून तोही सगळ्यांना सक्तीचा. ज्यांचं तरीही भागत नाही त्यांच्यासाठी १९९३ पासून मेडिफंड. आणि हॉस्पिटलातले बहुतेक बेड सरकारी, वॉर्डाच्या दर्जाप्रमाणे सरकारी अनुदान. याला बाजार म्हणायचं तर म्हणा, पण बाजाराला शिस्त लावणारा मास्तर दारात छडी घेऊन उभा आहे.

स्वित्झर्लंडचंही तेच. खासगी विमा कंपन्या आहेत, वर्षाला ३०० ते २,५०० फ्रँकपर्यंत हवं ते डिडक्टिबल निवडा. पण १९९६ पासून विमा प्रत्येकाला सक्तीचा, मूळ विम्यावर कंपनीला नफा घ्यायची बंदी आणि कोणालाही नाकारायचं नाही. तिथल्या कंपन्या मरत नाहीत, भांडतात एकमेकींशी.

वाटाड्या
मान्य. पण म्हणजे खातं आणि खासगी कंपन्या दोन्ही चालतात, एवढं तरी द्या.

बाकी माझा अनुभव: मी तीन वर्षं डायरेक्ट प्रायमरी केअरच्या डॉक्टरकडे जातो. महिन्याला ठरावीक फी, विम्याचा संबंध नाही. फोन केला तर स्वतः उचलतो. रक्ततपासणीची किंमत भिंतीवर लिहिलेली. कोडवालीताईंसारखा माणूसच त्याला लागत नाही (रागावू नका). आतापर्यंत एचएसए असेल तर ही फी अडचणीची ठरायची, पण जुलै २०२५ च्या कायद्याने जानेवारी २०२६ पासून एका माणसाला महिना १५० डॉलरपर्यंतची फी चालेल.

कोडवाली
रागावले नाही. माझ्यासारखी माणसं लागू नयेत असं मलाही वाटतं, फक्त माझी निवृत्ती झाल्यावर.

पण तुमच्या त्या डॉक्टरने तुम्हाला ऑन्कॉलॉजिस्टकडे पाठवलं की तुम्ही परत माझ्याच टेबलावर याल.

शेवंता
मला एक कळलं नाही. पायपीटचा मूळ प्रश्न होता कुठला प्लॅन घेऊ. सिंगापूर, स्वित्झर्लंड फिरून आलो, त्याचं उत्तर कोणी दिलं का? शुक्रवार उद्यावर आलाय.

हिशेबनीस
:D खरंय. पायपीट, हे तपासा.

दोन्ही प्लॅनच्या वर्षाच्या हप्त्यांतला फरक काढा, त्यात कंपनी एचएसएत घालते ते पैसे मिळवा. मग गुडघ्याचं ऑपरेशन धरून दोन्हीकडे जास्तीत जास्त किती भरावं लागेल ते पाहा, नुसतं डिडक्टिबल पाहू नका. २०२६ साठी एचएसएची मर्यादा एकट्याला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५०. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत असाल तर राज्याच्या करात सूट नाही. आणि यात भले भले फसतात: बायकोच्या कंपनीत तिने साधा एफएसए (कंपनीमार्फतचं दुसरं करमुक्त आरोग्य खातं) घेतला असेल तर तुम्हाला एचएसएत पैसे टाकता येत नाहीत.

ऑपरेशन होणारच असेल तर यंदा डिसेंबरात उरकू नका. निम्मी बिलं यंदाच्या डिडक्टिबलमध्ये, फिजिओथेरपी पुढच्या वर्षीच्या, आणि दोन्ही भरत बसाल.

पायपीट
दहा दिवसांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.

बायकोचा एफएसए निघालाच. तो तिने रद्द केला, एचएसएवाला प्लॅन चालू ठेवला. पण माझं आधीचं मत होतं तसं राहिलं नाही. खातं हवं, किमती दारावर हव्यात, सर्टिफिकेटचे कायदे जावेत, इथवर काकांबरोबर. पण निळाईताईंच्या मुलीला नाकारता येणार नाही हा नियम आधी, आणि मग त्याच्या आत कंपन्यांनी हवं तेवढं भांडावं.

गुडघ्यात मेनिस्कस (आतली कूर्चा) फाटलाय. ऑपरेशन फेब्रुवारीत. मी पुन्हा फोन फिरवले. कोडवालीताई, तुमची आठवण झाली. हॉस्पिटलने "अंदाज" म्हणून ४,००० ते ११,००० सांगितलं, आणि भूल देणारा डॉक्टर वेगळा, त्याचं त्यालाच विचारा म्हणाले. त्याच्या ऑफिसने विचारलं, "कोड काय आहे?"

कोडवाली
२९८८१ असेल बहुधा. पण सर्जनकडून लेखी घ्या, आणि मेनिस्कस शिवणार की कापणार तेही विचारा. शिवला तर कोड बदलतो.

पायपीट
ते म्हणे आत गेल्यावर ठरेल.

मनीमाऊ
बोक्याच्या डॉक्टरचा नंबर देऊ का?